पोशा पोफचा गरम कोंडा

"अर्धं पातेलं भात होता त्यात. मी झाकून ठेवला होता."

"करपलेला होता."

"खालचा करपला होता, पोफ. वरचा चांगला होता. वरचा मला गाईला घालायचा होता, पेजेसकट."

"गाय गवत खाते."

"बाळंतीण गाय आहे ती. तुमच्या कोंबड्यांना काय झालंय?"

"थंडी वाजते त्यांना."

"आणि मला काय उकडतंय?"

हे बोलताना मुबीनानं कमरेवर हात ठेवले होते असं लिहायला मला आवडलं असतं, पण तिचे दोन्ही हात पायघोळ फेरनच्या आत निखाऱ्यांच्या कांगडीला धरून होते आणि रिकाम्या बाह्या नुसत्या लोंबत होत्या. आमच्याकडे हिवाळ्यातली भांडणं अशीच होतात, हातांशिवाय. सगळं तोंडानंच करावं लागतं. पोशा पोफला मात्र हात बाहेर काढावे लागले होते, कारण पातेलं तिच्याकडे होतं.

"पातेलं ठेवा खाली."

"घासून आणते."

"भरलेलं ठेवा म्हणतेय मी."

"भरलेलं कसं घासू? तुझ्यासारखं?"

आणि ती बर्फातल्या पायवाटेनं आपल्या खोलीकडे चालू लागली. मुबीना माझ्याकडे वळली. मी आमच्या ओट्यावर बर्फ लोटत होते. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, पण जानेवारीत ती बर्फाखाली जाते आणि मग त्यांचं भांडण आमच्या अंगणात येऊन बसतं.

"बघितलंस? काही बोलले का मी? एक शब्द वाईट बोलले?"

मी फावडं जरा जोरात चालवलं.

पोफ म्हणजे आत्या. ती अल्ताफची आत्या, मुबीनाची आतेसासू, पण आमच्या नागबोन गावात सगळेच तिला पोफ म्हणायचे, तिच्याहून थोरले पुरुषसुद्धा. कोणाची आई व्हायची राहून गेलेली बाई अशी सगळ्या गावाची आत्या होऊन बसते. तिचं लग्न झालं होतं, नदीपलीकडच्या गावात, सफरचंदाची बाग असलेल्या घरी. मूल झालं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात नवऱ्यानं दुसरी आणायचं ठरवलं आणि पोशा परत आली. ती त्याच्याबद्दल कधी वाकडं बोलली नाही. "वाईट माणूस नव्हता," म्हणायची, "पुलापर्यंत सोडायला आला होता."

लग्नात दिलेली तांब्याची भांडी तिकडेच राहिली. आली ती एक कोंबडी, फेरनच्या आत पोटाशी धरलेली. आईनं रुखवतात दिलेल्या जोडीतली उरलेली. भाऊ खजिर, अल्ताफचा बाप, चिडला होता, भांडी का नाही आणलीस म्हणून. पोशा म्हणाली होती, "भांड्यांना थंडी वाजत नव्हती."

खजिर काकानं पुढे घराला हमाम बांधला, गावातल्या पहिल्या चार-दोन हमामांपैकी एक. खालच्या भट्टीत लाकडं पेटली की वरची दगडी फरशी आणि तिच्यात बसवलेली पाण्याची टाकी तापते आणि सगळं घर हिवाळाभर त्या एका खोलीत जगतं, जेवतं, भांडतं, झोपतं. त्या हमामामागे एक अरुंद खोली उरली होती. लाकडं ठेवायची म्हणून ठेवलेली. पण भट्टीचा धूर ज्या भिंतीतून वर जातो ती भिंत त्या खोलीत होती. हात लावला तर भाकरीच्या पाठीसारखी गरम. खजिर काकानं ती खोली बहिणीला दिली. ती त्या भिंतीच्या एका अंगाला झोपायची आणि दुसऱ्या अंगाला कोंबड्यांचं लाकडी खुराडं असायचं. उन्हाळ्यात अंगणात, थंडीत आत.

खजिर काका गेल्यावरही खोली तिचीच राहिली. कोणी तसं म्हटलं नव्हतं. कोणी वेगळंही म्हटलं नव्हतं.

तिची सकाळ मी लहानपणापासून पाहत आले. उजाडता उजाडता ती चुलीच्या निखाऱ्यावर एक काळं मडकं ठेवायची. त्यात भाताचा कोंडा, सलगमच्या साली, हाकच्या भाजीचे जून देठ बारीक चिरून, मूठभर मका आदल्या दिवसापासून भिजवलेला. वरून अक्रोडाची पेंड कुस्करून. तेल्याकडून ती पेंड ती भांडून आणायची. फार गार पडलं की ठेचलेला लसूण आणि चिमटीभर लाल मिरची. "आतून पेटायला पाहिजे त्या," असं कारण. अंड्यांची टरफलं भाजून, पाट्यावर वाटून, तीही त्यातच. मग ती मडक्यात कोपर बुडवून बघायची, आया तान्ह्या मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. कोपराला सोसलं तर चोचीला सोसेल.

"पोफ, हात का नाही घालत?"

"हाताला काय कळतं? हात निखारे उचलतात."

कोंबड्यांना तिनं नावं ठेवली होती आणि नावांमागे हिशेब होते. एक पटवारीण, कारण ती सगळ्यांच्या जागेत चोच घालायची. एक नवरी, दाराशी मान खाली घालून उभी राहणारी. आणि सगळ्यांत म्हातारी, लंगडी, राखाडी कोंबडी, तिचं नाव सासू. "ये, सासू. तुझं आधी. नाहीतर बोलशील पोटभर." रोज सकाळी ती सासूला इतकं सुनवायची, की आमच्या घरात माझी आई ऐकून हसता हसता खोकायची. नदीपलीकडच्या त्या घरात जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्या कोंबडीनं ऐकलं असणार.

चिल्लई कलान, थंडीचा सगळ्यांत कडक चाळीस दिवसांचा काळ, लागला की बाकीच्यांच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात. दिवस लहान, ऊन नाही, बाहेर कडकडीत. पोफच्या कोंबड्या थांबायच्या नाहीत. कमी द्यायच्या, पण द्यायच्या. रस्ता बंद झाला, दुकानातली अंडी संपली, की बाळंतिणीला, खोकल्याच्या मुलाला, पोफकडेच यावं लागे. ती अंडं फेरनच्या खिशातून काढायची. ऊबदार. देताना म्हणायची, "सासूचं आहे. पचायला जड जाईल."

मुबीना वाईट बाई नाही, हे इथेच सांगते, कारण पुढे काही जण तसं म्हणाले. तिचे वडील समद जू, दोन गावं पलीकडे, सफरचंदांच्या पेट्या भरायच्या दिवसांत बागेतच पडले आणि उजवं अंग गेलं. तिचे भाऊ शाली विकायला हिवाळाभर कलकत्त्याला. म्हाताऱ्याला एक शेजारीण येऊन भरवून जायची, जमलं तर. घरात हमाम नाही. हकिमानं सांगितलं होतं घरच्या कोंबडीचं अर्धकच्चं अंडं द्या आणि ऊब द्या. मुबीना अंडी पाठवत होती. ऊब कशी पाठवणार?

परका पुरुष निजू शकेल अशी ऊबदार खोली मुबीनाच्या घरात एकच होती. हमामात ती, तिच्या मुली, अल्ताफ, सगळे झोपायचे. वरच्या मजल्यांवर लुळा माणूस चढवायचा कसा आणि चढवला तरी तिथे भिंतींवर दव गोठतं. राहिली हमामामागची.

हे ती नोव्हेंबरात बोलली. अल्ताफला निर्णय घ्यायला लागला की पोटात दुखतं. तो म्हणाला, "अंडी येताहेत ना? आपण पाठवतोय ना तिकडे? येताहेत तोवर राहू दे पोफला. थांबली की बघू."

तो सहज बोलून गेला. टाळायला बोलला. पण पोफ दारात उभी होती, हातात राखेची टोपली घेऊन, आणि तिनं ते वाक्य कौल मिळाल्यासारखं उचललं.

"म्हणजे अंडी आली तर खोली माझी," ती दुसऱ्या दिवशी माझ्या आईला म्हणाली.

"असं कुठे म्हणाला तो?"

"तसंच म्हणाला. मी होते तिथे."

"पोशा, कोंबडीच्या पोटावर घर बांधतेस?"

"माझ्या पोटावर बांधता आलं नाही," पोफ म्हणाली, "कोणाच्या तरी बांधायचं."

आणि ती हसली. माझी आई हसली नाही.

त्या वर्षी थंडी अशी पडली की नळ फुटले, मग विहिरीच्या काठावरचा दोर काठीसारखा उभा राहायला लागला. अंडी कमी झाली. नवरीनं बंद केलं, मग पटवारिणीनं. पोफ मडक्यात काय काय घालून बघत होती. वाळवलेल्या दुधीच्या चकत्या, ज्या माणसांसाठी होत्या. भोपळ्याच्या बिया. एकदा तर तिनं स्वतःच्या ताटातला भात कालवणासकट नेला आणि स्वतः कोरडी भाकरी खाल्ली. त्याच सुमाराला गाय व्याली. कोंडा, पेज, साली, जे जे पोफच्या मडक्यात जायचं ते सगळं गाईलाही लागायला लागलं. मुबीनानं कोंड्याच्या कोठीला कुलूप लावलं. मग करपलेल्या भाताच्या पातेल्यावरून ते भांडण झालं. त्यानंतर मुबीनानं आणखी एक सांगितलं, "हमामाच्या टाकीतलं गरम पाणी नमाजाच्या वजूला आणि भांड्यांना. कोंबड्यांना नाही. लाकडं संपत आलीत."

दुसऱ्या सकाळी ती एक पत्र्याची बादली घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"चहा उरलाय?"

"बसा ना, देते पेला."

"मला नको. उरलेला दे. समोवारच्या तळाचा, पेल्यांमधला. सगळा."

"कशाला?"

"कोंबड्यांना."

आई म्हणाली, "मिठाच्या चहात काय असतं कोंबड्यांना?"

"दूध असतं. रोटीचे तुकडे असतात. आणि गरम असतो." तिनं बादली पुढे केली. "तू आजारी पडलीस की काय पितेस? मुलगी बाळंत झाली की काय देतेस? गाय व्याली तेव्हा मुबीनानं काय पाजलं तिला, मी बघितलं ना. मग माझ्या कोंबड्यांनीच काय पाप केलंय?"

आमच्याकडे मिठाचा चहा म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. तान्ह्या मुलाच्या ओठाला बोटानं लावतात, मरणाऱ्याच्या ओठाला चमच्यानं. कोणाला त्यानं काही झाल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. आईनं समोवार उलटा केला. गुलाबी चहा, वर साय, तळाशी मिठाचा जाड गाळ, भिजलेल्या रोटीचे गोळे. बादलीतून वाफ निघाली.

मग ती रोज यायची. आमच्याकडून पुढच्या घरी, तिथून पुढे. सगळ्या आळीला गंमत वाटायला लागली.

"पोफ, सोबत कुलचा लागेल का स्वारींना?"

"लागेल. शिळा चालेल."

"साखर?"

"मधुमेह आहे त्यांना. टाक तो पेला, बोलत काय बसलीस."

लोक मुद्दाम पेल्यात घोटभर ठेवायला लागले. एका घरी तर म्हातारा सुनेवर ओरडला, "सगळा पिऊन टाकलास? पोफची बादली यायचीय." मला वाटतं त्या हिवाळ्यात आळीत एवढीच एक चांगली गोष्ट चालली होती, सगळ्यांनी मिळून केलेली, फुकटची, हसत हसत.

आणि कोंबड्यांना आवडलं. भोपळ्याच्या बियांना नाक मुरडणारी पटवारीण बादलीचा आवाज ऐकून खुराड्याच्या फळीवर चढून बसायची. कोंडा नव्हता, तर पोफनं त्या चहात वाळलेली पानं आणि भुसा भिजवायला सुरुवात केली. सासूनं अंडं दिलं. मग नवरीनं. पोफ ती अंडी दोन्ही तळहातांवर घेऊन हमामाच्या दारात आली, मुबीनाच्या समोर ठेवली आणि परत गेली. अल्ताफनं ती तिकडे पोहोचवली. मुबीना संध्याकाळी मला म्हणाली, "अब्बांनी दोन्ही खाल्ली म्हणे." आणि नंतर, "म्हातारी हटणार नाही ग."

खोलीतलं कोंबड्यांचं पाण्याचं भांडं बाहेरच्या बाजूला होतं, दाराच्या फटीजवळ, आणि ते सकाळी दगड झालेलं असायचं. पूर्वी पोफ टाकीतलं गरम पाणी त्यावर ओतायची. आता टाकी बंद होती. तिला त्याची काळजी वाटली नाही. एवढा चहा प्यायल्यावर आणखी पाणी कोणाला हवं?

मी त्या सकाळी गेले कारण तिची बादली आली नव्हती. खोलीचं दार उघडं होतं. कोंबड्या दारात होत्या, बर्फ खात होत्या. चोचीनं टोचून नाही, मान पुढे टाकून, खुरप्यानं ओढावं तसा ओढून खात होत्या. पटवारीण चार पावलं चालली, पाचव्याला पाय आडवा गेला आणि ती कुशीवर पडली. उठली. पुन्हा पडली. खाली सगळं ओलं होतं, पातळ.

"गारठल्यात," पोफ म्हणाली. ती निखाऱ्यावर चहा तापवत होती, कालचा उरलेला. "आतून गारठल्यात. गरम पाजते."

ती मांडी घालून बसली, पटवारिणीला मांडीत घेतलं, चोच दोन बोटांनी उघडली आणि चमच्यानं चहा घातला. कोपर बुडवून बघायला विसरली नाही. माझ्यासमोर तिनं एकेकीला पाजलं. सासूनं दोन चमचे जास्तच घेतले.

तिला अडवायला हवं होतं. मला तरी कुठे माहीत होतं?

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, हिलाल, त्या दिवशी मुबीनाची गाय बघायला आला होता. बर्फातून चालत, बुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. परत जाताना मी त्याला ओढून आणलं. तो दारातच थांबला आणि नवरीकडे बघत राहिला. ती पाठीवर पडून पाय हलवत होती.

"काय घातलंत यांना?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"चहा," पोफ म्हणाली.

"कोणता चहा?"

"चहा म्हणजे चहा. घरोघरचा."

"मिठाचा?"

"मग काय गोड? गोड कोण ठेवतं घरी."

हिलालनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "किती दिवस?"

"बरेच. सकाळी, संध्याकाळी. सगळी आळी देते."

"आणि पाणी?"

पोफनं पाण्याच्या भांड्याकडे बघितलं. त्यात एक पीस गोठून बसलं होतं.

"पोफ," तो म्हणाला, आणि इथे त्याचा आवाज खाली आला, "मीठ आहे ते. एवढ्याशा पोटाला विष आहे. वर पाणी नाही."

"गाईला पाजतो आपण."

"गाय केवढी. ही केवढी."

"बाळंतिणीला देतो."

"ही बाळंतीण नाहीये, पोफ."

"अंडी दिली त्यांनी. चहावर अंडी दिली. विचार मुबीनाला."

"दिली असतील."

"मग विष कसं?"

हिलाल खाली वाकून बुटांच्या पिशव्या आवळायला लागला. "साधं पाणी द्या, थोडं थोडं. वाचली एखादी तर वाचली," एवढं म्हणाला आणि निघाला. फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, "आता तो चहा नका घालू." जणू हे सांगायचं राहिलं होतं.

मुबीना ऐकत उभी होती. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. ती वळली, हमामात गेली आणि टाकीतल्या गरम पाण्याची बादली भरून घेऊन आली. मग पोफच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघींनी मिळून एकेक कोंबडी मांडीवर घेतली. एक मान धरायची, दुसरी पाण्याचे थेंब सोडायची. दुपारभर दोघी एकमेकींशी "धर", "सोड", "वर घे" यापलीकडे बोलल्या नाहीत.

अल्ताफ मध्येच सुरी घेऊन आला. "एखादी हलाल करू का? जीव आहे तोवर?"

"आणि खाणार कोण?" मुबीना म्हणाली.

तो सुरी फेरनमध्ये लपवून परत गेला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गेल्या. सासू शेवटी. तिला पोफनं त्या दिवशी काही सुनावलं नाही. जमीन लोखंड झाली होती, खड्डा होईना. अल्ताफनं त्या परसातल्या अक्रोडाच्या झाडामागे बर्फात ठेवल्या आणि वरून बर्फ लोटला. कावळ्यांना तेवढं पुरतं. ते लगेच आले.

सकाळी पेले धुताना आई उरलेला चहा आता मोरीत ओतायची आणि ओतताना खिडकीकडे पाठ करायची.

खोलीचं कोणी काढलं नाही. मुबीनानं तर मुळीच नाही. पण पोफनं आपणहूनच सुरू केलं. खुराडं बाहेर काढलं, फोडून भट्टीत घातलं. फरशी राखेनं घासली, मिरचीचा धूर केला, भिंतीला नवा मातीचा हात दिला. आपलं अंथरूण आणि एक ट्रंक वर घेऊन गेली, सगळ्यांत वरच्या मजल्यावर, जिथे कांदे आणि वाळलेल्या वांग्यांच्या माळा टांगलेल्या असतात आणि पत्र्याच्या फटींतून बर्फाचा चुरा आत येतो.

"पोफ, असं नका करू," अल्ताफ जिन्याखालून म्हणाला.

"अंडी थांबली," वरून आवाज आला. "तूच म्हणाला होतास, थांबली की बघू. बघितलं."

"मी असं नव्हतो म्हणालो."

"मी होते तिथे."

चार माणसांनी समद जूंना खाटेवर घालून आणलं. ते खोलीत आले, गरम भिंतीकडे तोंड करून निजले आणि डाव्या हातानं ती भिंत चाचपत राहिले. मुबीना दारात उभी राहून रडली. पहिल्यांदाच मी तिला तसं रडताना पाहिलं. त्यात समाधान होतं, हे मला दिसत होतं, आणि ते असण्याबद्दल तिला लाज वाटत होती हेही दिसत होतं.

वर पोफचा खोकला सुरू झाला. हमामात येऊन बसायची, जेवायची, परत वर जायची. इथे झोपा म्हटलं तर "मुली मोठ्या झाल्यात, जागा कुठे" म्हणायची. वरून खोकला खाली यायचा आणि खालून कण्हणं वर जायचं. मुबीना या दोन आवाजांच्या मध्ये गाय, मुली, चूल, बापाचं सगळं उरकत होती. ती वाळायला लागली. तिचा हात भाजला, दूध नासलं, एकदा ती बापाला भरवता भरवता बसल्या जागी झोपली आणि गरम पेज त्यांच्या छातीवर सांडली.

मग एका दुपारी तिनं मला बोलावलं. मी गेले तेव्हा हमामात अल्ताफ होता, भिंतीला टेकून, पोट धरून. पोफ कोपऱ्यात बसली होती. समोर पेल्यात कहवा निवत होता. मुबीना मला म्हणाली, "तू बस. तुझ्यासमोर बोललेलं बरं."

"काय झालं?"

ती अल्ताफकडे बघायला लागली. अल्ताफ फरशीकडे.

"पोफ," शेवटी मुबीनाच म्हणाली, "माझ्या एकटीनं नाही होत आता. अब्बांना दिवसातून चार वेळा भरवावं लागतं. घट्ट चालत नाही. कोमट, पातळ, कुस्करून. कूस बदलावी लागते. तुम्हाला येतं हे सगळं. तुमच्यासारखं कोणाला येत नाही."

"भरवते ना," पोफ म्हणाली. "त्यात काय? दार उघडं ठेव, तू समोर बस, मी भरवते."

"भरवण्यापुरतं नाही म्हणत मी. कपडे बदलायचे असतात. धुवायचं असतं."

पोफनं हात फेरनच्या आत ओढून घेतले.

"परक्या बाईनं कसं करायचं ते," अल्ताफ पुटपुटला. "लोक बोलतील."

"लोक जाऊ देत," मुबीना म्हणाली. "देवाला काय सांगणार? म्हणून मी मौलवीसाहेबांना विचारलं."

"काय विचारलंस?"

"ते म्हणाले, निकाह पढून घ्या. म्हणजे मग काही प्रश्नच नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी पोफकडे बघायचं टाळलं.

"कोणाचा निकाह?" पोफ म्हणाली.

"घरच्या घरी. चार माणसं. कोणाला बोलावायचं नाही," अल्ताफ घाईघाईनं म्हणाला. "नावापुरता, पोफ. कागदापुरता."

"खोलीही तुमचीच होईल," मुबीना म्हणाली. ती खरोखर मनापासून बोलत होती, पुढे सरकून, पोफच्या गुडघ्यावर हात ठेवून. "परत खाली या. तीच भिंत, तीच ऊब. कोणी उठ म्हणणार नाही. मी लिहून द्यायला सांगते यांना. वरती तुम्ही हा हिवाळा काढणार नाही, पोफ, मला ऐकू येतं सगळं. आणि अब्बा किती दिवसांचे? त्यांच्या मागेही तुमचीच."

"त्यांना विचारलंस?"

"कोणाला?"

"तुझ्या वडिलांना."

"त्यांना कुठे कळतंय फारसं."

"म्हणजे त्यांनाही नाही विचारलं."

"तुम्हाला विचारतोय ना," अल्ताफ म्हणाला. "आधी तुम्हालाच विचारतोय."

भिंतीपलीकडून समद जूंचा आवाज आला, शब्द नसलेला, तहानेचा असावा. मुबीना अर्धवट उठली आणि परत बसली. तिला उत्तर घेतल्याशिवाय जायचं नव्हतं.

"मी तुमचं वाईट चिंतत नाहीये, पोफ. दुसरं काही सुचत असेल तर सांगा. तू सांग," ती माझ्याकडे वळली, "तुला सुचतंय?"

मला सुचलं नाही. मी तेव्हापासून पुष्कळदा विचार केला आहे, अजून सुचलेलं नाही.

"शुक्रवारी नमाजानंतर येतील ते," अल्ताफ म्हणाला. "मी काय सांगू त्यांना? पोफ? हो म्हणून सांगू?"

पोफनं कहव्याचा पेला उचलला, बघितला, होता तिथे ठेवला. फरशीवर हात टेकून उठली, गुडघ्यांना वेळ लागला. कोणी हात दिला नाही, कारण तिनं तो घेतला नसता. दाराशी तिचे रबरी बूट होते. तिनं ते उजवा डावा नीट बघून घातले.

"पोफ, काहीतरी बोला," मुबीना म्हणाली. "नाही तर नाही म्हणा. शिव्या द्या मला."

पोफनं दाराची घोंगडी बाजूला केली. ती जिन्याकडे वळली नाही. अंगणात उतरली, फाटक ढकललं, बर्फामुळे ते अर्धंच उघडलं. त्या फटीतून अंग आडवं करून ती बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. घर सोडून निघताना या वेळी पोटाशी कोंबडीही नव्हती.